उलटं शेडिंग

मामाने लुअर, म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, हातात घेतला, पाठीकडून बघितला, पोटाकडून बघितला, परत पाठीकडून बघितला आणि बोलला, "रंग बेस हाय रं. पन मासा उलटा रंगवलास तू."

मला राग आला होता तेव्हा, खरं सांगतो. साडेसहा सेंटीमीटरचा, सात ग्रॅमचा एवढासा तो तुकडा, त्याच्यावर मी सलग तीन रात्री बसलो होतो. ऑफिसवरून आठ वाजता घरी यायचं, दोन घास खायचे आणि गॅलरीत टेबल टाकून कॉम्प्रेसर चालू करायचा, शेजारी म्हातारी माणसं आहेत म्हणून दहाच्या आत बंद. पाठीला हिरवट करडा, कुशीला मोतिया, आणि पोटाच्या खालच्या बाजूला हलकी करडी सावली मारलेली, हातात धरला की कसा गोलगरगरीत, भरलेला वाटायचा. आणि मामा म्हणतोय उलटा.

मी पेणचा. आमच्याकडे गणपतीचे कारखाने किती आहेत ते बाहेरच्याला सांगून पटत नाही, शहरात आहेत, हमरापूर-जोह्याकडे तर घरटी काम चालतं, आणि वर्षभर चालतं, भाद्रपद संपला की पंधरा-वीस दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे निघतात. शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी आमच्या आळीतल्या कारखान्यात जायचो. पहिली दोन वर्षं फक्त पॉलिश पेपर मारला. मग अंगाचा रंग. मग एका वर्षी तिथल्या काकांनी माझ्या हातात रंग फवारायची गन दिली आणि म्हणाले, आता शेडिंग शिक.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तीला अंगाचा रंग दिला की ती सपाट दिसते, पोट आहे, सोंड आहे, मांडी आहे, पण सगळं एकात एक गेल्यासारखं. मग त्याच रंगाचा जरा गडद रंग करून गनने अगदी धूर सोडल्यासारखा हलका मारायचा, पोटाच्या खाली, सोंडेच्या वळणाच्या खालच्या अंगाला, कानाच्या मुळाशी, मांडीच्या घडीत, म्हणजे जिथे जिथे उजेड कमी पोचतो तिथे आपण रंगाने सावली द्यायची. आणि बघता बघता पोट पुढे येतं. मूर्ती श्वास घेते की काय असं वाटतं. हे काम मी सहा सिझन केलं, कॉलेज संपेपर्यंत. हाताला एवढं बसलं होतं ते की गोल वस्तू दिसली की गन आपोआप तिच्या खालच्या बाजूला जायची.

लुअरवर माझ्या हाताने तेच केलं होतं.

मामा खारेपाटातला. शेती खारीची, बांधाच्या आत भात आणि बाहेर खाडी, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघाडीतून आतलं पाणी बाहेर पडायला लागलं की त्या धारेबरोबर बारकी मासळी, कोलंबी बाहेर येते, आणि तोंडाशी जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, टपून असतो. मामा आयुष्यभर तिथे गळ टाकत आलाय, जिवंत कोलंबी लावून, साधी तंगूसची दोरी हाताला गुंडाळून. रॉड नाही, रील नाही. मी पहिल्यांदा लुअर घेऊन गेलो तेव्हा त्याने प्लास्टिकचा मासा बघून काही टोमणा मारला नाही, उलट रंग नीट बघितला, याचं मला आज जास्त वाटतं.

त्या दिवशी त्याने काय केलं, पाटीतून एक बोईट काढलं, ताजं, अजून तडफडत होतं. उन्हात माझ्या समोर धरलं. पाठ काळपट, कुशीवर चांदी, पोट पांढरंफेक. "खाली काला हाय का कुठं?" नव्हता. मग उघाडीच्या कडेला शांत पाणी होतं तिथे ते बोईट पाण्यात धरलं, वीतभर खाली, आणि म्हणाला, आता बग. आणि खरंच सांगतो, मासा गेला. मामाची बोटं दिसत होती, बोटांच्या मधे काहीतरी आहे एवढं कळत होतं, पण मासा म्हणून जो गोल आकार हवा तो नव्हताच. वरून ऊन पडून काळी पाठ उजळली होती आणि खाली सावली पडून पांढरं पोट मळकं झालं होतं, दोन्ही एका रंगाचे. सपाट. पाण्यासारखे. मग त्याने शेजारी माझा लुअर धरला. तो लांबून दिसत होता, दगडासारखा.

घरी आल्यावर मी शोधून शोधून वाचलं, आणि मला फार आनंद झाला कारण ही गोष्ट नीट मांडणारा माणूस एक चित्रकार निघाला. अ‍ॅबट थेयर, अमेरिकन. १८९६ साली त्याने लिहिलं की प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं ते उजेडाने पडणारी सावली खोडून काढण्यासाठी. चित्रकारालाच हे सुचणार ना, कारण सपाट कागदावर सावली देऊन गोल भास करायचा हा त्याचा रोजचा धंदा, आणि निसर्गात त्याला बरोब्बर उलटं काम दिसलं, गोल वस्तू सपाट करायचं. म्हणजे आमच्या कारखान्यातलं शेडिंग आणि बोईटाच्या अंगावरचं शेडिंग ही एकच विद्या, फक्त एक दिसण्यासाठी आणि एक लपण्यासाठी. मूर्तीला सावली खालून, माशाला वरून. मामाने कुठलं पुस्तक वाचलं नाही, त्याने फक्त लाखभर बोईटं हातात धरलीत.

तेव्हापासून मी पाठीपासून सुरुवात करतो. म्हणजे सगळ्यात आधी नाही, पण मनात पाठ आधी असते.

कसं करतो ते सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत आणि व्हिडिओ सगळे परदेशातल्या हवेतले असतात. कोरा लुअर मिळतो, पांढरा किंवा पारदर्शक, आत छोटे स्टीलचे छर्रे असतात ते हलवलं की खुळखुळतात. तो आधी भांडी घासायच्या साबणाने धुवायचा, कारण साच्यातून काढताना लावलेलं तेलकट काहीतरी त्याच्यावर असतं आणि हाताचं तेल वेगळंच. नाही धुतला तर शेवटच्या कोटला बारीक बारीक खड्डे पडतात. मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने. तोंडासमोरची जी पारदर्शक लिप असते, जिच्यामुळे लुअर पाण्यात बुडतो आणि डुलतो, तिला टेप लावायची, तिच्यावर रंग जाता कामा नये. मग प्रायमर, मग पांढरा, आणि पांढऱ्याला घाई करायची नाही, पातळ पातळ चार हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर. अ‍ॅक्रिलिक रंग, पाण्यातले, ०.३ च्या नोझलची एअरब्रश, प्रेशर वीस-पंचवीस पीएसआयच्या आसपास. कारखान्यातली गन इथे चालत नाही, तिच्या एका फवाऱ्यात अख्खा लुअर भिजेल. मूर्तीवर हात खांद्यापासून फिरतो, इथे फक्त बोट फिरतं, आणि ते बदलायला मला खूप दिवस लागले. आणि मास्क लावा, पाण्यातला रंग असला तरी धूळ फुप्फुसात जाते.

खवल्यांना जाळी लागते. मच्छरदाणी घेऊन बघितली, खवलं फार मोठं आलं, एवढ्याशा अंगावर ते मगरीसारखं दिसतं. मग बायकोच्या नेटच्या ओढणीचा एक उरलेला तुकडा शिंपिणीकडून आणला, तो लुअरभोवती ताणून मागे क्लिपने धरायचा आणि वरून चांदी मारायची. जाळी सोडवताना जो क्षण असतो ना, तो मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आवडतो. कडेपासून हळूच उचलायची, आणि खाली एकेक खवला उमटलेला. दर वेळी मी श्वास धरतो. खऱ्या माशाची चांदी म्हणजे रंग नसतोच, ग्वानिन नावाच्या द्रव्याचे चपटे स्फटिक असतात ते, आरशासारखे उजेड परतवतात, म्हणून मासा ज्या पाण्यात जाईल त्या पाण्याचा होतो. डबीतली चांदी तसं करत नाही. ती थोडी मारायची, आणि वर मोतिया पातळ करून, म्हणजे जरा जवळ जातं.

रंग काढायला एवढा वेळ लागत नाही जेवढा शेवटचा कोट शिकायला लागला. दात, दगड, मोरीवरची शिंपली, या सगळ्याला टिकायचं तर वर इपॉक्सी लागतं, दोन ट्यूबवालं. आणि मी शिकत होतो पावसाळ्यात, कारण पावसाळ्यात खाडीवर जाता येत नाही आणि संध्याकाळी वेळ असतो. जुलैमध्ये केलेले पहिले सगळे लुअर दुधाळ झाले. वरून चिकट, आणि जणू धुकं आत अडकलंय. मला वाटलं माल खराब आहे, दुसरा आणला, तेच. मग कळलं की दुसऱ्या ट्यूबमधला हार्डनर हवेतल्या दमटपणाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी खेळतो आणि वर एक मेणचट थर धरतो, आपल्या कोकणातल्या जुलैत नुसती दमट हवाच असते. आता मी एक जुनं लाकडी खोकं केलंय, आत चाळीसचा बल्ब, अर्धा तास आधी लावून ठेवायचा, आतली हवा गरम झाली की कोरडी वाटते, आणि त्यात बिघडलेल्या मायक्रोवेव्हची खालची मोटर बसवलीय, ताटली फिरवणारी, ती मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. लुअर तिला अडकवायचा. तो फिरत राहिला की इपॉक्सी ओघळून एका बाजूला जमत नाही. रात्री सगळे झोपले की त्या खोक्याच्या फटीतून पिवळा उजेड येतो आणि आत बोईटं हळूहळू फिरत असतात. मुलगी पाणी प्यायला उठली की थांबून बघते.

आणखी एक, जे मी कुणाकडून ऐकलं नव्हतं, स्वतः फसून कळलं. माझे काही लुअर थांबवले की पाण्यात जिथल्या तिथे तरंगत थांबतात, ना वर ना खाली, आणि जिताडा बहुतेक वेळा त्या थांबण्यावरच घेतो. इपॉक्सीचा जाड कोट दिला तर अर्धा ग्रॅम वाढतो आणि तोच लुअर बुडायला लागतो. म्हणून मी घरी बादलीत तपासायचो आणि बरोबर करायचो. आणि खाडीवर नेला की वर यायचा! खारं पाणी जड असतं, जास्त उचलून धरतं, एवढी साधी गोष्ट. मग खाडीचं पाणी कॅनमधून आणायला लागलो. तरी दिवाळीला आणलेलं पाणी आणि मेमधलं पाणी एक नसतं, पावसानंतर खाडी कितीतरी दिवस गोडी असते. आता कॅनवर महिना लिहून ठेवतो.

रंगांचं सांगतो. सुरुवातीला मी व्हिडिओ बघून तिकडचे जीव रंगवले, ब्लूगिल मासा, कोलंबीसारखा क्रॉफिश, नारिंगी पोटाचे, हिरव्या पट्ट्यांचे, दिसायला फार देखणे. आमच्या खाडीत ब्लूगिल कुठे आहे? धरमतरच्या खाडीतल्या जिताड्याने तो कधी बघितलेला नाही. आणि तिथे सारखं सांगतात की लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी नाहीसा होतो. ते स्वच्छ निळ्या पाण्याला खरं आहे. आमचं पाणी चहासारखं, त्यात गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क, अशा पाण्यात निळा आधी मरतो आणि पिवळा-तांबूस त्यातल्या त्यात टिकून राहतो. म्हणून मी पाठीच्या हिरव्यात थोडा पिवळा टाकतो आणि कुशीला अगदी पुसट सोनेरी. दुकानात कुणी बघितला तर घेणार नाही, मळका वाटतो. पण हातात कसा दिसतो आणि उघाडीच्या पाण्यात हातभर खाली कसा दिसतो यातलं मला आता दुसरंच पाहिजे असतं.

मग प्रश्न येतोच, आणि मी त्याच्याशी बरेच दिवस झगडलो. मामाने सांगितलं तसं मी रंगवलं, अगदी बोईटासारखं, पाठ काळी, पोट पांढरं, आणि तो लुअर पाण्यात खरोखर नाहीसा झाला. चांगला नाहीसा झाला. मग जिताड्याला तरी कसा दिसणार? लपलेला मासा खायला कोण येणार? दोन महिने काही लागलं नाही, एक टेकलंसुद्धा नाही.

याचं उत्तर मला एका फिनलंडच्या माणसाच्या गोष्टीत सापडलं. लाउरी रापाला, गरीब मासेमार, तळ्यावर होडीतून मासे धरायचा, आणि त्याने बघितलं की मोठा मासा बारक्यांच्या थव्यात शिरतो तेव्हा सगळ्यांच्या मागे लागत नाही, जो एक जरा कलता, लंगडा पोहतोय त्यालाच धरतो. १९३६ मध्ये त्याने कॉर्कचा तसा मासा कोरला, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा कोट दिला. त्याच्याकडे इपॉक्सी नव्हतं, एअरब्रश नव्हती. हे वाचलं आणि मी ओढणी खाली ठेवून बराच वेळ बसून राहिलो. म्हणजे लुअर हा लपलेला मासाही नाही आणि दाखवायची मूर्तीही नाही. तो लपायचा प्रयत्न करणारा मासा आहे, ज्याला ते एका जागी जमलेलं नाही. सगळं अंग बोईटाचं, आणि एका ठिकाणी चूक. चूक कुठे करायची आणि किती, हेच खरं काम.

मी ती चूक डोळ्यात करायला लागलो.

तयार डोळे मिळतात, चिकटवायचे, फुगीर, चकचकीत. मीही आधी तेच लावायचो. पण कारखान्यात माझ्या मनात एक गोष्ट कायमची बसलीय, ती म्हणजे आखणी. सगळं रंगकाम कुणीही करेल, डोळे आखायला वेगळा माणूस असतो. आमच्याकडे एक आजोबा यायचे, बाकी काही करायचे नाहीत, फक्त डोळे. मूर्ती त्यांच्यासमोर आणून ठेवायची, ते आधी नुसतं बघत बसायचे, मग बारीक ब्रश घेऊन वरच्या पापणीची एक रेघ, एका दमात, मधे थांबणं नाही. थांबलास तर रेघेला गाठ पडते म्हणायचे, आणि ती गाठ देवाच्या नजरेत दिसते. मग खालची, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका, मोहरीपेक्षा लहान. तो ठिपका पडला की कारखान्यातली माणसं बोलताना आवाज खाली करायची. मी स्वतः आवाज खाली केलाय. मुद्दाम कुणी सांगितलेलं नव्हतं.

बोईटाचा डोळा फिका असतो, मेणासारखा पडदा असतो त्याच्यावर. मी तो जरा मोठा करतो, पिवळसर, मधे काळं बुबुळ आणि ते काळं मधोमध नाही, किंचित पुढे सरकलेलं, घाबरलेल्या माशासारखं. कोरड्या ब्रशने, आजोबांसारखी एका दमात रेघ. पांढरा ठिपका टाचणीच्या डोक्याने. आणि कल्ल्याच्या मागे, फक्त एका बाजूला, तांबड्याचा एक ओरखडा, मार लागल्यासारखा. दुसरी बाजू निर्मळ. लुअर डुलतो तेव्हा ती बाजू दिसते, जाते, दिसते, जाते.

मागच्या नोव्हेंबरात, सुकतीला, सूर्य उगवायच्या जरा आधी, मी तो उघाडीच्या धारेच्या कडेला टाकला, दोनदा ओढला आणि थांबवला. धार त्याला फिरवत होती. मनात तीन मोजले असतील, पाण्यात मडकं उलटं बुडवल्यावर येतो तसा आवाज आला, जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि रॉड माझ्या हातातून खेचला गेला. दीड-दोन किलोचा असेल. मामा मागे उभा होता, काही बोलला नाही, फक्त बांधावरून खाली उतरून पाण्यात गेला आणि कल्ल्यात हात घालून वर घेतला. तो आम्ही खाल्ला, आमच्याकडे जिताडा घरी आला की चार घरांत वाटा जातो. फार मोठा लागला तर मी सोडणार आहे, मामाला सांगून ठेवलंय, कारण जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे जे खूप मोठे ते सगळे अंड्यांचे. यावर त्याने हो म्हटलेलं नाही अजून.

लुअरवर खरखरीत ओरखडे उमटलेत, इपॉक्सीवर, डोळ्याच्या अगदी शेजारून. खालचा रंग शाबूत आहे. तो मी परत रंगवलेला नाही.

परवा मामा घरी आला होता, बाजाराला आला की येतो. चहा घेता घेता खोक्यापाशी गेला, बल्ब चालू होता, आत चार फिरत होते. वाकून बराच वेळ बघत राहिला. त्याचे हात आता थरथरतात, कोलंबी लावताना गळ बोटात जातो. म्हणाला, "मना एक दे." मी खूश होऊन सगळ्यात चांगला काढायला गेलो, तर त्याने थांबवलं.

"ह्यो नको. नवीन कर. डोला ऱ्हाऊ दे हाय तसा, पन पाठीचा काला शेपटाकडं कमी कर जरा. तिथं बोईट फिकं असतं."

मी फ्रीजमधलं बोईट काढून बघितलं. असतं.